विहिरीवरचं इंजिन बुलेटच्या पोटात

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाचा आवाज ज्यांच्या कानात मुरलाय, त्यांना डिझेल बुलेट गल्लीच्या तोंडाशी आली की घरात बसून कळते. पेट्रोलच्या बुलेटचा ठोका भरदार, जरा दमाने पडणारा. हिचा ठोका कोरडा आणि कडक, ऐरणीवर घण पडावा तसा. आवाजाची ही ओळख चुकीची नाही. हे इंजिन मुळात रस्त्यासाठी घडलेलंच नव्हतं. पंप फिरवायचा, जनरेटर चालवायचा, एका जागी उभं राहून दिवसभर एकाच वेगाने राबायचं, हा त्याचा धर्म. त्याला दोन चाकांवर बसवणं ही आपल्याकडच्या मिस्त्रींनी आणि एका कारखान्यानेही साधलेली करामत आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

बुलेटच का, या प्रश्नाचं उत्तर तिच्या जुन्या बांधणीत आहे. 1955 साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधल्या रेडिचची रॉयल एनफिल्ड यांनी मिळून एनफिल्ड इंडिया उभी केली. तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातून पुढची कित्येक दशकं जी बुलेट बाहेर पडत राहिली, तिच्यात इंजिन आणि गिअरबॉक्स ही दोन वेगळी घरं होती. मधला व्यवहार डाव्या अंगाच्या केसमधल्या प्रायमरी चेनने चालायचा. किकसुद्धा गिअरबॉक्सला. म्हणजे पाय मारला की जोर गिअरबॉक्समधून क्लचकडे, क्लचमधून चेनवर आणि चेनवरून इंजिनाकडे जातो. त्या टोकाला इंजिन कुठलं आहे, याच्याशी किकला काही देणंघेणं नाही. 2010 च्या आसपास ही दोन घरं एकाच कवचात गेली आणि ही सोय संपली. आजच्या बुलेटचं इंजिन काढलं तर गिअरबॉक्सही बरोबर निघतो.

जुन्या गाडीत मात्र इंजिन उतरवलं की फ्रेममध्ये एक मोकळी जागा उरते. त्या जागेत ग्रीव्ह्ज लोंबार्डिनीचं हवेवर थंड होणारं, एका सिलिंडरचं इंजिन बसायचं. रचना इटलीची, पण ते आपल्या शिवारात पंपावर सर्रास दिसणारं. कारखान्याने स्वतः हेच केलं. 325 सीसीचं हे इंजिन घालून एनफिल्डने ‘टॉरस’ नावाची डिझेल बुलेट काढली. ताकद साडेसहा अश्वशक्ती, तीही 3600 फेऱ्यांना. पेट्रोलच्या 350 ची ताकद साधारण 18. टॉरसचा वेग पासष्टच्या पुढे जात नसे, पण लिटरमागे सत्तर-ऐंशी किलोमीटरचं ॲव्हरेज मिळे. पेट्रोलची बुलेट तीस-पस्तीसवर असताना हा आकडा ऐकून माणूस वेग विसरायचा. शिवाय सरकारने डिझेलचा भाव मुद्दाम खाली धरलेला. पहाटे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकावून निघणाऱ्या दूधवाल्याला ताशी शंभरचा वेग घेऊन करायचं काय होतं?

कारखान्याची गाडी मिळाली नाही तर मिस्त्री. या कामातलं खरं कसब वेल्डिंगमध्ये नाही, ते सरळ रेषेत आहे. इंजिनाच्या शाफ्टवरचं स्प्रॉकेट आणि क्लचवरचं स्प्रॉकेट एका ओळीत यायला हवं. थोडीही तिरपी गेली तर चेन आधी ओरडते आणि मग तुटते. म्हणून इंजिन पट्ट्यांवर नुसतं टेकवायचं, पातळ पत्रे सरकवत ओळ जुळवायची, आणि ओळ जुळल्यावरच बोल्ट आवळायचे. शाफ्ट कुठल्या दिशेने फिरतो तेही आधी पाहायचं. उलटा फिरणारा शाफ्ट जोडला तर गाडीला चार गिअर मागे जाण्याचे मिळतात.

नंतर दात्यांचा हिशेब. पेट्रोलचं इंजिन साडेपाच हजार फेऱ्यांपर्यंत पळतं, हे 3600 वर थांबतं. गिअर तेच ठेवले तर गाडी टॉपमध्येही रांगते. म्हणून इंजिनाकडचं स्प्रॉकेट मोठं करायचं. पण चेनकेसमध्ये जागा मोजकीच, त्यामुळे उरलेली भरपाई मागच्या चेनकडे काढावी लागते. आणि फार उंच गिअर दिला तर साडेसहा अश्वशक्तीला घाट चढवत नाही. गाडी कुठल्या रस्त्याला चालणार, हे विचारल्याशिवाय चांगला मिस्त्री स्प्रॉकेट कापायला देत नाही.

चालवणाऱ्याला सगळ्यात जास्त सवय करून घ्यावी लागते ती गव्हर्नरची. पंपावरच्या इंजिनाला भार वाढला तरी वेग सांभाळायचा असतो, म्हणून आतली फिरती वजनं स्वतःच डिझेल कमी-जास्त करतात. अशा गाडीची मूठ पिळताना आपण खरं तर वेग ठरवून देतो, आणि तो गाठायला डिझेल किती लागेल ते गव्हर्नर बघतो. चढ लागला की मूठ न हलवताही इंजिन जोर लावतं. पेट्रोलच्या गाडीवर वाढलेल्या हाताला हे सुरुवातीला परकं वाटतं.

प्लग नाही, कार्बोरेटर नाही. दट्ट्या हवा इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या पुढे तापते, आणि सुमारे 200 बार दाबाने नोझलमधून आलेलं डिझेल त्या हवेत आपोआप पेटतं. मघाचा कोरडा ठोका तो हाच. त्याचा हादरा चेनला, क्लचला, गिअरबॉक्सला आणि शेवटी चालवणाऱ्याच्या मनगटाला बसतो. नटबोल्ट ढिले होतात, नंबरप्लेटला चिरा जातात. टाकी कोरडी पडून पंपाने एअर धरली, तर रस्त्याच्या कडेला बसून पाइपचा बोल्ट सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत ती काढत राहावं लागतं. इतका दाब पायाने कसा फिरवायचा? त्यासाठी डिकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलायचा, किकने फ्लायव्हीलला गती द्यायची आणि लिव्हर सोडायचा. पेट्रोलच्या बुलेटवरही डिकॉम्प्रेशन होतंच, त्यामुळे ही रीत बुलेटवाल्यांच्या अंगात आधीच होती.

हीच सोयरीक सौराष्ट्रात आणखी पुढे गेली. पुढे बुलेटचं तोंड, मागे हौदा, मध्ये डिझेल इंजिन, असा तिथला छकडा. अमरेली जिल्ह्यातले शेतकरी मनसुखभाई जगानी यांनी 1994 मध्ये दुष्काळात बैल परवडेना म्हणून डिझेल इंजिनाच्या बुलेटचं मागचं चाक काढून तिथे दोन चाकं आणि कोळपणीची अवजारं जोडली. त्या ‘बुलेट सांती’ला भारतात आणि अमेरिकेतही पेटंट मिळालं. विहिरीवरून रस्त्यावर आलेलं इंजिन तिथे पुन्हा शेतात उतरलं. जर्मनीत योखेन झोमर यांनी एनफिल्डच्याच सांगाड्यात हात्स कंपनीचं 462 सीसीचं, अकरा अश्वशक्तीचं इंजिन बसवून गाड्या विकल्या. तिकडे ती हौस होती, इकडे महिन्याचा खर्च.

नवं शतक आलं, धुराचे नियम कडक झाले आणि टॉरस बंद पडली. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भावही नियंत्रणातून सुटले, तेव्हा उरलासुरला हिशेब गेला. आता मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे इंजिन मनाला येईल तसं बदलता येत नाही. म्हणून आरसी बुकावर इंधन ‘डिझेल’ लिहिलेली कारखान्याची टॉरस शोधत माणसं गावोगाव फिरतात. पण त्यांच्या आधी दुसरेच लोक पोचलेले असतात. जुन्या सांगाड्यासाठी टॉरस घ्यायची, डिझेल इंजिन उतरवायचं आणि पेट्रोलचं चढवायचं, हा उलटा उद्योग बरीच वर्षं चालला. तो पाहिला की मला वाईट वाटतं. उतरवलेलं इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात काळ्या तेलात बसून राहतं. शाफ्टवरचं स्प्रॉकेट काढलं, तर त्याला आजही पंप जोडता येतो.