अ-ची बाराखडी आणि घरातला दुभाषी (भाग ९)

कंपायलर अख्खं पुस्तक भाषांतर करून हातात देतो, इंटरप्रीटर शेजारी बसून ओळीमागून ओळ सांगत जातो, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. आज या दुभाष्याला आधीच कंपाइल झालेल्या प्रोग्रामच्या घरात ठेवायचं आहे.

उदाहरण वर्ध्याचं. १९३६ साली स्थापन झालेल्या तिथल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीची जुनी पुस्तकं चाळा. 'इतिहास' नव्हे 'अितिहास', 'एक' नव्हे 'अेक' दिसेल. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ या सहा अक्षरांच्या जागी अ-लाच वेलांटी, उकार, मात्रा. छापखान्यातले खिळे कमी व्हावेत, शिकणाऱ्याचं ओझं हलकं व्हावं, हा हेतू. काका कालेलकर या सुधारणेचे पुरस्कर्ते, आणि सावरकरही! एरवी या दोघांचं कुठे जमायचं?

समजा, आजच्या पद्धतीनं टंकलेला मजकूर त्या लिपीत छापायचा आहे. डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ च्या सुमारास उभारलेल्या 'टेक' या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामचा लुआटेक नावाचा वंशज आहे. तो कंपाइल केलेला. सहा अक्षरांसाठी त्याचा सोर्स उघडून सगळं पुन्हा बांधत बसणं म्हणजे उंबरा घासतो म्हणून घर पाडणं. पण त्याच्या पोटात लुआ या प्रोग्रामिंग भाषेचा इंटरप्रीटर आहे. लुआ १९९३ ची, रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठातली. पोर्तुगीजमध्ये लुआ म्हणजे चंद्र. पेट्रोब्रास या तेलकंपनीच्या अभियंत्यांना मूळ प्रोग्रामला हात न लावता त्याचं वागणं बदलता यावं, ही तिच्या जन्मामागची गरज.

दोघांचं बोलणं होतं एका चळतीवरून. यजमान प्रोग्राम तिच्यावर ओळ ठेवतो आणि लुआला हाक मारतो. लुआ ती उचलते, बदलते, उत्तर पुन्हा चळतीवर ठेवते. एकमेकांच्या स्मृतीत थेट हात घालायचा नाही. खरी मेख इथेच आहे: दार अरुंद असलं तरच पाहुणा घरात पेलतो. म्हणून लुआला 'सुरक्षित हाक' मारायचीही सोय आहे. पाहुण्याचं चुकलं तर यजमानाच्या हाती चूक येते, घर कोसळत नाही. परक्याची फाइल चालवताना लुआटेकला 'सेफर' हा पर्याय दिला, तर लुआला बाहेरच्या आज्ञा चालवता येत नाहीत.

लुआटेक प्रत्येक ओळ वाचण्याआधी विचारतो, कुणाला काही करायचंय का? या जागेचं नाव 'प्रोसेस इनपुट बफर'. तिथे सहा बदलांचं छोटं फंक्शन नोंदवायचं. इ-चे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट, अि-चे सहा. लुआ निव्वळ बाइट जुळवते, तिला देवनागरीचा गंधही नाही, आणि इथे तो लागतही नाही. अक्षरं नीट बसवणं हे फॉन्ट आणि शेपिंगचं काम.

मी पहिल्यांदा करून पाहिलं तेव्हा पानावर जुनीच इ. एरर नाही, तक्रार नाही. तासाभरानं कळलं, फंक्शननं बदललेली ओळ परतच दिली नव्हती. आणि उत्तर आलं नाही तर लुआटेक मूळ ओळच पुढे नेतो. सभ्यपणाच तो, पण माझी संध्याकाळ गेली.

घरी समितीचं जुनं पुस्तक असेल तर एक पान टंकून करून पाहा. ओळ परत द्यायला विसरू नका.