सुटकेची तारीख आणि 84 दिवसांचे औषध

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुके असून तेथील एखादा माणूस न्यायालयीन कोठडीत गेला की त्याचा मुक्काम अनेकदा पुण्याच्या येरवडा मध्यवर्ती कारागृहात पडतो. तेथे रक्ततपासणीत हिपॅटायटिसचे निदान झाले, औषध सुरू झाले आणि मध्येच जामीन मिळाला, तर तो उपचार गावाकडे कसा चालू ठेवायचा, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच कागदपत्रांचा, पत्त्याचा आणि प्रवासाचा असतो.

हिपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह. त्याच्या बी आणि सी या दोन प्रकारांचे विषाणू मुख्यतः रक्तावाटे पसरतात. बी लैंगिक संबंधांतून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळालाही जातो. सामायिक सुई, दुसऱ्याने वापरलेले दाढीचे पाते आणि निर्जंतुक न केलेल्या सुईने केलेले गोंदण हे संसर्गाचे मार्ग गर्दीच्या बंदिस्त जागेत अधिक धोक्याचे ठरतात. आजार वर्षानुवर्षे लक्षणांवाचून राहतो आणि कळतो तेव्हा काही वेळा यकृत कठीण होऊन त्याचे काम मंदावलेले असते. या अवस्थेला सिरॉसिस म्हणतात. गावाकडे हिपॅटायटिस बीला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात, आणि डोळे पिवळे दिसत नाहीत तोवर आजार नाही किंवा काविळीचे झाडपाल्याचे औषध घेतले की तो गेला, असा समज असल्यामुळे बरे वाटत असलेल्या माणसाला पुन्हा दवाखान्यात आणणे अवघड जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात सुमारे 2 कोटी 98 लाख लोकांना बीचा आणि 55 लाख लोकांना सीचा दीर्घकालीन संसर्ग होता.

28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. सिरॉसिस नसलेल्या सीच्या रुग्णाला सोफोस्बुविर आणि डॅक्लाटास्विर ही औषधे दिवसातून एकदा, 12 आठवडे म्हणजे 84 दिवस घ्यावी लागतात, आणि ती नेमाने घेणाऱ्यांपैकी बहुसंख्य पूर्ण बरे होतात. तरीही शेवटच्या गोळीने उपचार संपत नाही. त्यानंतर आणखी 12 आठवड्यांनी रक्तातील विषाणूभार, म्हणजे विषाणूचे प्रमाण, तपासून विषाणू आढळला नाही तरच रुग्ण बरा झाला असे मानतात. बीचे गणित याहून वेगळे आहे. ज्यांना औषधाची गरज असते त्यांना टेनोफोविरसारखी गोळी अनेक वर्षे, बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते आणि ती अचानक बंद केल्यास आजार उसळून यकृत निकामी होण्याचाही धोका असतो. त्यामुळे सुटणाऱ्या माणसाच्या हाती औषध देताना सीच्या रुग्णाबाबत किती दिवस उरले हे मोजावे लागते, तर बीच्या रुग्णाबाबत पुढची बाटली कोठून मिळेल हे आधी ठरवावे लागते.

या कामातील खरी अडचण सुटकेच्या दिवसाची आहे. शिक्षा झालेल्या पक्क्या कैद्याची सुटका कधी होणार हे साधारण ठाऊक असते. खटला चालू असलेल्या कच्च्या कैद्याचे तसे नसते, आणि देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे असतात. जामिनाचा आदेश संध्याकाळी पोहोचून माणूस बाहेर पडला, तर तोवर बाह्यरुग्ण विभाग बंद झालेला असतो आणि समुपदेशक घरी गेलेला असतो. म्हणून सुटकेची तयारी सुटकेच्या दिवशी करता येत नाही. ती निदान झाले त्याच दिवशी करून ठेवावी लागते. 1894 च्या कारागृह कायद्यात कैदी दाखल होताना वैद्यकीय तपासणीची तरतूद आहे, तर संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या नेल्सन मंडेला नियमांपैकी 24 वा नियम कारागृहातील आरोग्यसेवा बाहेरच्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेशी जोडून उपचारांचे सातत्य राखण्यास सांगतो. दाखल होतानाची तपासणी आणि सुटल्यानंतरचे सातत्य ही एकाच दोऱ्याची दोन टोके आहेत, आणि पहिले टोक हाती असतानाच दुसरे बांधून ठेवावे लागते.

ही बांधणी मुख्यतः एका पाकिटात मावते. त्यात कार्यक्रमातील नोंदणी क्रमांक, विषाणूभाराचा दिनांकासह अहवाल, यकृताच्या स्थितीचे निदान, औषध सुरू झाल्याची तारीख आणि उरलेल्या गोळ्यांची संख्या हवी. इतर औषधांची यादीही तितकीच महत्त्वाची आहे, कारण क्षयरोगावरील रिफाम्पिसिन सीच्या या औषधांचा परिणाम घटवते, आणि एचआयव्हीच्या उपचारात एफाविरेन्झ चालू असल्यास डॅक्लाटास्विरची मात्रा वाढवावी लागते. सीच्या रुग्णाची बीची तपासणी झाली होती का, ही नोंदही हवी, कारण सी दबताना सुप्त बी पुन्हा डोके वर काढू शकतो. सी बरा झाला तरी रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराने तयार केलेले घटक, टिकून राहतात आणि साध्या झटपट चाचणीचा निकाल पुढेही सकारात्मक येतो. त्यामुळे विषाणूभाराचा अहवाल हरवला, तर बऱ्या झालेल्या माणसालाही नव्या केसपेपरवर पुन्हा आजारी ठरवले जाण्याची शक्यता असते. पाकिटावर कारागृहाचे नाव नसावे, कारण गावात हा कागद कोणाच्या हाती पडेल हे सांगता येत नाही.

पत्ता ही दुसरी कसोटी आहे. रांजणगाव किंवा कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी काम करणाऱ्याची भाड्याची खोली अटकेनंतर दुसऱ्याला गेलेली असू शकते, आणि ऊसतोड कामगाराचा पत्ता हंगामाबरोबर बदलतो. म्हणून रुग्णाच्या संमतीने आई, भाऊ किंवा जवळच्या कोणाचा दूरध्वनी क्रमांक घ्यावा लागतो आणि काय सांगायचे, काय सांगायचे नाही, हेही त्याच्याशी बोलून ठरवावे लागते. प्रवासाची दिशाही कामाला येते. दौंडला रेल्वेने जाणारा माणूस पुणे स्थानकावर येतो आणि ससून रुग्णालय तेथून जवळच आहे. पण शिरूरला जाणारा येरवड्याहून नगर रस्त्याने वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव असा थेट निघतो, त्यामुळे त्याला उलट दिशेला ससूनमध्ये जाण्यास सांगण्यापेक्षा औषधाची बाटली दरवाजातच देणे शहाणपणाचे ठरते.

जामिनावर सुटलेला माणूस दवाखाना विसरेल, पण न्यायालयाची तारीख सहसा विसरत नाही, कारण ती चुकली तर वॉरंट निघू शकते. शिरूरचे ग्रामीण रुग्णालय आणि दौंडचे उपजिल्हा रुग्णालय ज्या गावांत आहेत त्याच गावांत न्यायालयेही आहेत. म्हणून रक्त देण्याचा, गोळ्या मोजण्याचा किंवा पुढची बाटली घेण्याचा दिवस शक्य तेथे तारखेच्या दिवसाशी जुळवावा, म्हणजे एका प्रवासात दोन्ही कामे होतात आणि एका दिवसाचीच मजुरी बुडते. ज्याच्या खटल्याच्या तारखा पुण्यात पडतात त्याला हेच वेळापत्रक ससूनशी जुळवून देता येते. मात्र ही जुळणी सोयीची राहावी, सक्तीची नव्हे. उपचार घेणे जामिनाच्या अटीसारखे वाटू लागले, तर खटला संपताच रुग्ण दोन्हींकडे पाठ फिरवेल.

बीच्या बाबतीत हे काम घरापर्यंत जाते: पत्नीची आणि मुलांची तपासणी, संसर्ग नसलेल्यांचे लसीकरण आणि घरात बाळ जन्मणार असेल तर जन्मानंतर 24 तासांच्या आत पहिली लस. सीच्या बाबतीत सर्वांत नाजूक काळ गोळ्या संपल्यानंतरच्या 84 दिवसांचा असतो, कारण तेव्हा हातात बाटली नसते, अंगात त्रास नसतो आणि दवाखान्यात जाण्याचे कोणतेही कारण रुग्णाला जाणवत नाही. गोळ्या पूर्ण घेतलेले कित्येक जण याच टप्प्यावर नजरेआड होतात आणि त्यांच्या नोंदीतला शेवटचा रकाना कोरा राहतो. सुटणाऱ्या माणसाशी जोडलेल्या आरोग्यसेवेचे काम त्या रकान्यात तारीख आणि निकाल भरला जाईपर्यंत पूर्ण झाले असे मानू नये.