स्नेंटनच्या चक्कीवाल्याचें कुळ

गणितशास्त्राच्या अभ्यासकांस ‘ग्रीनचा सिद्धान्त’ सुपरिचित आहे. परंतु ज्याच्या नांवानें तो ओळखिला जातो तो जॉर्ज ग्रीन हा इंग्लंडांत नॉटिंगहॅम शहरालगतच्या स्नेंटन नामक गांवचा पवनचक्कीवाला होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. लहानपणीं तो जेमतेम वर्षभर शाळेंत गेला. त्याची एकही तसबीर आज उपलब्ध नाहीं. त्याच्या आयुष्याचा मोठा भाग चरित्रकारांस पॅरिशच्या वह्या, मृत्युपत्रें आणि तत्सम नीरस कागद यांवरूनच जुळवावा लागला. ग्रीनच्या गणिताचा विचार येथें कर्तव्य नाहीं. खेड्यांतील एका चक्कीवाल्याच्या कुळाविषयीं तिकडील कागद काय सांगतात, काय सांगत नाहींत, आणि त्यांच्या न सांगण्यापासून कोणतें अनुमान काढणें युक्त होय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या शेवटल्या प्रश्नाचें उत्तर आमच्या भाट्ट मीमांसकांनीं फार पूर्वीं देऊन ठेविलें आहे. अनुपलब्धि हें त्यांनीं स्वतंत्र प्रमाण मानिलें. भूतलावर घट दिसत नाहीं, म्हणून तेथें घट नाहीं, असें ज्ञान अनुपलब्धीनें होतें. मात्र ती अनुपलब्धि ‘योग्य’ असली पाहिजे. म्हणजे घट असता तर तो दिसलाच असता, अशी सर्व सामग्री तेथें हजर असली पाहिजे. अंधाऱ्या कोठडींत घट दिसला नाहीं, यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. ही गोष्ट विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें शिकवूनही आम्ही स्वतः तिला एकदां चुकलों. आमच्या कुळाचा वृत्तांत जुळवितांना एका पूर्वजाच्या मुलांचें नांव जुन्या दप्तरांत मिळेना, म्हणून आम्हीं त्यास निःसंतान ठरविलें. तें दप्तर केवळ वतनाच्या हिस्सेदारांचें होतें, आणि हिस्सा सोडून परगांवीं गेलेल्या शाखेस त्यांत जागाच नव्हती. पुढें त्या शाखेचे वंशज आमच्या दारीं येऊन बसले, तेव्हां आमची चूक आमच्या पदरांत पडली. तेव्हांपासून कोणताही कागद हातीं घेतांना, तो कोणीं व कशासाठीं लिहिला, हें आम्ही प्रथम विचारतों.

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या सेवेखालील गांव अथवा पेठ. सन १५३८ त आठव्या हेन्रीचा प्रधान टॉमस क्रॉमवेल यानें हुकूम काढिला कीं, प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्यानें आपल्या हद्दींतील बाप्तिस्मे, विवाह व दफनें दर आठवड्यास एका वहींत लिहून ठेवावीं. लोकांस ही नव्या कराची पूर्वतयारी वाटली. सन १५९८ त या वह्या चर्मपत्रावर ठेवण्याचें ठरलें, व दर वर्षीं त्यांची एक नक्कल बिशपकडे धाडण्याची शिस्त घालण्यांत आली. मूळ वही वाळवीनें किंवा ओलीनें गेली असली तर ही नक्कल उपयोगीं पडते. मात्र ती कोणत्या बिशपकडे गेली हें पाहिलें पाहिजे. नॉटिंगहॅमशायर परगणा सन १८३७ पर्यंत यॉर्कच्या धर्माधिकाराखालीं होता, नंतर तो लिंकनकडे गेला. सतराव्या शतकांतील यादवी युद्धाच्या काळांत पुष्कळ ठिकाणीं वह्यांस खंड पडला आहे. तो खंड म्हणजे अंधारी कोठडी होय. तेवढ्या वर्षांत कुळ गांव सोडून गेलें होतें असें मानणारे संशोधक पुष्कळदां फसले आहेत.

कालगणनेसंबंधींही दक्षता हवी. सन १७५२ पूर्वीं इंग्लंडांत कायद्याचें वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारींतील बाप्तिस्मा वहींत मागल्या सनाखालीं सांपडतो, आणि विवाह मे महिन्यांत व अपत्य त्याच सनाच्या फेब्रुवारींत, असें पाहून भलताच संशय घेण्याचा प्रसंग येतो. त्याच १७५२ च्या सप्टेंबरांत २ तारखेनंतर एकदम १४ तारीख आली. शक, फसली व सुहूर यांचा मेळ घालणाऱ्या आमच्या वाचकांस यांत अवघड कांहींच नाहीं.

आतां ग्रीनच्या घराकडे वळूं. त्याचा बाप, त्याचेंही नांव जॉर्जच, हा नॉटिंगहॅमांत पाव भाजण्याचा धंदा करी. सन १७९१ त त्याचा सेरा बटलर हिच्याशीं विवाह झाला. मुलाच्या बाप्तिस्म्याची तारीख १४ जुलै १७९३ ही आहे, आणि कित्येक ग्रंथांत हीच त्याची जन्मतारीख म्हणून छापिलेली आढळते. परंतु पाद्र्यास जन्माची नोंद करावयाची नव्हती. देवळांत काय विधि झाला तेवढेंच तो लिही. कोणाचा बाप्तिस्मा चार दिवसांत होई, कोणाचा चार महिन्यांनीं, तर कोणी आळशी बाप तीन भावंडें एकाच दिवशीं देवळांत नेई. तात्पर्य, ग्रीनचा जन्म १४ जुलै १७९३ रोजीं किंवा त्यापूर्वीं झाला, इतकेंच निश्चयानें म्हणतां येतें. आणखी एक बारकावा नमूद करण्यासारखा आहे. सन १७८३ पासून १७९४ पर्यंत वहींतील प्रत्येक नोंदीवर सरकारनें तीन पेन्स कर बसविला होता व दरिद्री लोकांस त्यांतून सूट होती. त्यामुळें या दहाअकरा वर्षांत कित्येक आईबापांनीं मुलांचे बाप्तिस्मे लांबणीवर टाकिले असावे, आणि कित्येकांनीं दारिद्र्याचें निमित्त सांगितलें असावें. ग्रीनच्या आईबापांचा विवाह व त्याचा स्वतःचा बाप्तिस्मा ह्या दोनही नोंदी याच मुदतींतल्या आहेत.

सन १८०७ त बापानें स्नेंटनच्या टेकडीवर विटांच्या बुरुजाची पवनचक्की बांधिली. तेव्हां स्नेंटन हा शहराबाहेरचा निराळा गांव होता. नॉटिंगहॅमांत तो सन १८७७ त सामील झाला. कुळ शहरांतून गांवांत आलें कीं, शोध करणारासही एक वही मिटून दुसरी उघडावी लागते. चक्कीवाल्यांच्या बाबतींत हें वारंवार घडतें, कारण शेतकरी जसा जमिनीला बांधलेला तसा चक्कीवाला नसे. मुदतीचा पट्टा संपला म्हणजे तो दहावीस मैलांवरील दुसरी चक्की पाही. पुन्हां, गरीब मजूर गांव बदली तेव्हां त्यास मूळ गांवीं परत पाठविण्याचे कागद होत, व ते आज संशोधकास मार्ग दाखवितात. परंतु सन १६६२ च्या कायद्यानें ज्यानें सालीना दहा पौंडांच्या मोलाची मिळकत भाड्यानें घेतली त्यास असें हांकलतां येत नसे. बहुतेक चक्क्या या रकमेवरच्या असत. म्हणून चक्कीवाल्याच्या स्थलांतराचा कागद न मिळणें ही योग्य अनुपलब्धि नव्हे. तो कागद मुळीं झालाच नसता. अशा वेळीं पट्टे, जमीनमहसुलाच्या याद्या, आणि सन १८३६ च्या कायद्यान्वयें दशांशवसुलीसाठीं केलेले गांवांचे नकाशे यांकडे वळावें. या नकाशांसोबतच्या यादींत प्रत्येक तुकड्याचा मालक कोण व वहिवाटदार कोण हें निरनिराळें दिलेलें असतें, आणि चक्की मालकाची कीं भाड्याची, याचा निकाल तेथेंच लागतो.

सन १८१३ पासून वह्यांचे छापील नमुने आले. बाप्तिस्म्याच्या नमुन्यांत बापाचा धंदा लिहिण्यास एक रकाना होता, म्हणून ‘चक्कीवाला’ हा शब्द त्या सालानंतर नियमानें भेटूं लागतो. परंतु ज्या मुलांस कायद्यानें बापच नव्हता त्यांचें काय?

चक्कीवरील कारभारी विल्यम स्मिथ याची कन्या जेन हिला जॉर्ज ग्रीनपासून सात मुलें झालीं. पहिलें अपत्य सन १८२४ चें, शेवटचें ग्रीनच्या मृत्यूपूर्वीं सुमारें तेरा महिन्यांचें. दोघांचा विवाह झाला नाहीं. हें कशावरून? तर येथें अनुपलब्धि योग्य आहे. सन १७५४ च्या मार्चपासून, क्वेकर व यहुदी यांखेरीज सर्वांचा विवाह पॅरिशच्या चर्चमध्येंच व्हावा, वधूवरांनीं व दोन साक्षीदारांनीं निराळ्या वहींत सह्या कराव्या, एरव्हीं तो विवाह नव्हेच, असा कायदा झाला होता. सन १८३७ च्या जुलैपासून सरकारी नोंदणीही आली. यापूर्वींच्या काळांत गुप्तपणें लागलेले विवाह चालत, म्हणून पूर्वींच्या वहींत विवाह न दिसणें यास फारशी किंमत नाहीं. नंतरच्या वहींत न दिसणें यास आहे. त्यास मुलांच्या नोंदींचा दुजोरा मिळतो, कारण तेथें आडनांव आईचें, स्मिथ असें आहे.

आमच्या धर्मशास्त्रांत कानीन, गूढोत्पन्न इत्यादि धरून बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत. त्यांत उच्चनीच भाव आहे, परंतु कोठें ना कोठें बसावयास जागा आहे. इंग्लिश कायदा या मुलास ‘कोणाचाही नव्हे असा पुत्र’ म्हणे. आईबापांनीं मागाहून लग्न केलें तरीही तो औरस होत नसे. तशी सोय सन १९२६ च्या कायद्यानें प्रथम झाली. आतां या सात नोंदींकडे पुन्हां पाहावें. पहिलें अपत्य वगळतां बाकी सर्वांच्या बाप्तिस्म्याच्या नांवांत ‘ग्रीन’ हा शब्द आहे. आडनांव कायदा ठरवी. बाप्तिस्म्याचें नांव मात्र आईबाप सांगतील तें पाद्र्यास उच्चारावें लागे. जें कायद्यानें मागल्या दारानें घालविलें तें या माउलीनें पुढल्या दारानें, भर देवळांत, सहा वेळां आंत आणिलें. पुढें जेनला लोक ग्रीन याच नांवानें ओळखूं लागले, आणि ग्रीननेंही मृत्युपत्रांत तिची व मुलांची तरतूद केली. तीं मुलें कोणाचीं हा प्रश्न यापुढें उरत नाहीं.

त्यानें विवाह कां केला नाहीं, यावर लिहिणारांनीं तर्क पुष्कळ केले आहेत. सन १८२८ त त्याचा विद्युत् व चुंबकत्व यांवरील निबंध ५१ वर्गणीदारांच्या आश्रयानें निघाला. सन १८२९ त बाप वारला. सन १८३३ त चाळिशीच्या उंबरठ्यावर तो केंब्रिजच्या कीज कॉलेजांत विद्यार्थी झाला, आणि सन १८३९ त तेथें फेलो निवडला गेला. फेलो अविवाहित असावा असा तेव्हां नियम होता, आणि कायद्याच्या दृष्टीनें तो अविवाहितच होता. परंतु पहिलें अपत्य या निवडीपूर्वीं पंधरा वर्षांचें असल्यामुळें, फेलोशिपच्या लोभानें त्यानें प्रथमपासून लग्न टाळिलें, हें म्हणणें आम्हांस पटत नाहीं. कारण कोणत्याही वहींत लिहिलेलें नाहीं, व लिहिण्यास कोणत्याही वहींत रकाना नव्हता.

आतां खानेसुमारी. ती सन १८०१ पासून दर दहा वर्षांनीं होऊं लागली, तरी पहिल्या चार वेळां सरकारास बहुधा केवळ आंकडेच हवे होते. घरोघरच्या माणसांचीं नांवें सन १८४१ पासून मिळतात, आणि ती मोजणी ६ जूनच्या रात्रीची होती. जॉर्ज ग्रीन स्नेंटन येथें ३१ मे १८४१ रोजीं वारला. अवघ्या सहा दिवसांच्या अंतरानें तो खानेसुमारीबाहेर राहिला, आणि नांवनिशीवार खानेसुमारींत हा मनुष्य कोठेंही सांपडणार नाहीं. तो असता तरी फारसें साधलें नसतें. त्या खेपेस पंधरा वर्षांवरील माणसांचें वय पांचच्या पटींत खालीं आणून लिहीत. जन्म त्याच परगण्यांत झाला कीं नाहीं, एवढेंच विचारीत. आणि घरांतील माणसांचें परस्पर नातें लिहीतच नसत. त्याच घरांत जेन नोंदली गेली असती, तरी ती पत्नी कीं दासी, हें कागदावरून कळलें नसतें. कुटुंबप्रमुखाशीं नातें, विवाहित कीं अविवाहित, नेमकें वय आणि जन्माचें पॅरिश हे रकाने सन १८५१ त आले. धंद्याच्या मालकानें हाताखालीं किती माणसें आहेत हेंही सांगावें, अशी सूचना त्याच वेळीं होती. त्यामुळें स्वतःची चक्की चालविणारा आणि दुसऱ्याच्या चक्कीवर मजुरी करणारा हे प्रथम वेगळे ओळखूं येतात. मात्र नात्याच्या रकान्यांतील उत्तर घरच्या माणसानें दिलेलें असे व मोजणीदार विवाहाचा दाखला मागत नसे. तेव्हां तेथें एखादी बाई ‘विधवा’ लिहिलेली आढळली तर तिचा विवाह सिद्ध झाला असें समजूं नये; शेजारी तिला काय म्हणत, तेवढें त्यावरून सिद्ध होतें.

पुढल्या खानेसुमाऱ्या शंभर वर्षांनीं खुल्या होत असून सन १९२१ ची सन २०२२ त खुली झाली. सन १९३१ ची सन १९४२ त आगींत जळाली, व सन १९४१ त युद्धामुळें मोजणीच झाली नाहीं. चक्कीवाल्यांची कुळें शोधणारास एकोणिसाव्या शतकाचे शेवटचे दशक विशेष पाहण्यासारखे आहेत. सन १८७० नंतर लोखंडी रुळांच्या गिरण्या आल्या, परदेशचा गहूं बंदरांतच दळूं लागला, आणि बापाच्या नांवापुढें जेथें ‘चक्कीवाला’ होतें तेथें मुलाच्या नांवापुढें दुसराच कांहीं धंदा दिसूं लागतो.

चक्कीपासून जवळच असलेल्या सेंट स्टीफन चर्चच्या आवारांत ग्रीनचें दफन झालें. चक्की सन १९४७ त आगींत भस्म झाली, केवळ विटांचा बुरुज उभा राहिला. सन १९८० नंतरच्या दशकांत ती दुरुस्त करून तिला पुन्हां पंख बसविण्यांत आले, आणि वाऱ्यावर तिच्यांत पुनः गहूं दळूं लागले.