वर नाटक, खाली दुकानं

गावातलं सभागृह म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? लग्नसराईत बँडबाजा आणि एरवी दाराला कुलूप! अशा ठिकाणी आपण बायका निमंत्रण असेल तरच जातो. नुसतं 'सहज' कोण जाणार?

आमच्या बुलढाण्यात गर्दे वाचनालयाला स्वतःचं सभागृह आहे. पुस्तक बदलायला गेलेल्या बाईला व्याख्यानाची पाटी दिसते, पिशवी सांभाळत ती मागच्या खुर्चीवर टेकते. कार्यक्रमाला जायचं म्हणून घरी वेगळी परवानगी नको की इस्त्रीची साडी नको. हा फायदा लहान वाटेल, पण ज्यांना तो मिळालाय त्यांना विचारा.

याचाच मोठा संसार मुंबईत दादरच्या शिवाजी मंदिरात पाहायला मिळतो. हे नाट्यगृह १९६५ साली सुरू झालं. वर नाटक, खाली रस्त्याला लागून दुकानं, शिवाय सभा-समारंभांसाठी राजर्षी शाहू सभागृह. मॅजेस्टिकच्या ग्रंथदालनाच्या पत्त्यातही वर्षानुवर्षं 'शिवाजी मंदिर, दादर' असंच छापलं जाई. स्टेशन आणि भाजीबाजार चालत जाण्याजोगे. नाटकाला आलेल्याला पुस्तक दिसतं, खरेदीला आलेलीला तिकीटखिडकी. आणि मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की दुकानं उघडी आणि माणसांची ये-जा असली, तर मैत्रिणीची वाट पाहत एकटी उभी राहिलेली बाई कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

जवळच छबिलदास शाळा. दिवसा वर्ग आणि १९७४ पासून बरीच वर्षं संध्याकाळी तिथल्याच सभागृहात 'आविष्कार'ची प्रायोगिक नाटकं होत असत! सुलभा देशपांडे त्याच शाळेत शिक्षिका होत्या, हे वाचून माझ्यासारख्या अर्धवेळ बाईंना किती बरं वाटलं म्हणून सांगू! नवी इमारत बांधायला पैसा लागतो. असलेली संध्याकाळी उघडायला कुणीतरी किल्ली मागावी लागते. (छबिलदास गल्लीतला बटाटावडा हा आणखी एक लेख होईल.)

पण सगळं एका छताखाली आणलं की धोकेही एकत्र येतात. दिल्लीचं उपहार चित्रपटगृह आठवा. १३ जून १९९७ रोजी तळमजल्यावर, गाड्या लावण्याच्या जागेतल्या ट्रान्सफॉर्मरमुळे आग लागली. धूर वर बाल्कनीत कोंडला. जादा खुर्च्या बसवून वाट अडवलेली होती. ५९ माणसं गेली. शोभेच्या कमानींवर खर्च करणाऱ्यांनी जिन्याच्या रुंदीत काटकसर केली, तर त्यांना तिथेच टोकायला हवं. दुकानांचं भाडं सभागृहाची देखभाल चालवू शकतं, हे खरं. म्हणून गाळा काढायला जिना अरुंद करायचा नसतो. आणि खाली लाउडस्पीकर, वर अभ्यासिका हा जोडा तर जमायचाच नाही.

तुमच्या गावात 'भव्य व्यापारी व सांस्कृतिक संकुल' होणार असं कानावर आलं, तर महिला मंडळातल्या चौघीजणी मिळून नगरपालिकेत जा आणि नकाशा दाखवा म्हणा. बायकांचं स्वच्छतागृह कुठल्या मजल्यावर आहे आणि कार्यक्रम नसलेल्या दिवशीही ते उघडं राहणार का? सभागृहातून बाहेर पडायला दुसरा जिना आहे का? सासूबाईंना वर चढता येईल का? म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया यांना फुकट बसायला एखादा कट्टा ठेवलाय का? आणि जनरेटर नेमका कुठे बसवणार?