इंजिन का तापते?

पुसद तालुक्यात हरभरा व गहू निघाले की उन्हाळी नांगरटीस प्रारंभ होतो. पूस व पैनगंगा ह्या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन ह्या वेळी वाळून कठीण झालेली असते, आणि नांगर ओढण्यास ट्रॅक्टरला वर्षातील सर्वांत अधिक जोर ह्याच दिवसांत लावावा लागतो. दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. विदर्भात ते कित्येकदा ४३-४४ अंशांपर्यंतही चढते. इंजिनावरील भार सर्वांत अधिक आणि त्यास थंड करणारी हवा सर्वांत अधिक तापलेली, असा हा दुहेरी अडचणीचा काळ होय. शिवाय मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. त्यापूर्वी नांगरट व वखरणी आटोपली नाही तर पेरणी मागे पडते. अशा वेळी एखाद्या ट्रॅक्टरचे हेड तडकले तर मालकाचे नुकसान होतेच, परंतु त्याच ट्रॅक्टरवर भाड्याने नांगरट करून घेणाऱ्या आसपासच्या अनेक शेतकऱ्यांचेही काम अडून राहते.

इंजिन तापले म्हणजे पाणी कमी पडले, असा सर्वसाधारण समज आहे. त्यामुळे रेडिएटरमध्ये पाणी ओतावयाचे व पुन्हा नांगर जोडावयाचा, एवढाच उपाय केला जातो. दुसऱ्या दिवशी तोच प्रकार घडतो. वास्तविक इंजिनातील उष्णतेस बाहेर पडण्याची एक ठराविक वाट असते. ती कोठे अडली आहे हे शोधल्याखेरीज नुसत्या पाण्याने काम भागत नाही.

उष्णतेची वाट

डिझेल जळून जी उष्णता निर्माण होते तिचा सुमारे तिसरा हिस्साच प्रत्यक्ष कामी येतो. बाकीची काही धुराड्यावाटे जाते व काही सिलिंडरच्या भिंतींतून पाण्यात उतरते. हे तापलेले पाणी पंपाच्या साहाय्याने रेडिएटरमध्ये येते, तेथील बारीक नळ्यांतून खाली उतरते, आणि पंख्याने ओढलेली हवा जाळीतून जाताना त्याची उष्णता घेऊन जाते. पाणी किती निवेल हे मुख्यतः पाणी व हवा ह्यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंश व हवा २५ अंश असेल तर हा फरक ६५ अंशांचा पडतो. हवा ४५ अंशांवर गेली की तो ४५ अंशांवर येतो. म्हणजे तोच रेडिएटर, तेच पाणी व तोच पंखा असूनही उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती सुमारे तीस टक्क्यांनी घटते. हिवाळ्यात ज्या लहानशा दोषाची जाणीवही होत नाही, तोच दोष मे महिन्यात इंजिन बंद पाडतो, ह्याचे कारण हेच.

प्रथम हवा पाहावी

तापणाऱ्या इंजिनाची तपासणी जाळीपासून सुरू करावी. ती पाहण्यास हत्यार लागत नाही, खर्चही येत नाही, आणि दोष अनेकदा तेथेच सापडतो. सोयाबीन किंवा तूर मळताना उडालेले कुटार, कापसाचे तंतू, वाळलेल्या गवताचे कुसळ व नांगरटीची धूळ जाळीच्या पुढच्या बाजूस बसते. त्यात डिझेल किंवा तेल पाझरलेले असेल तर त्याचे पक्के लिंपण तयार होते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, परंतु मागील बाजूस दिवा धरून पुढून पाहिल्यास उजेड आरपार येत नाही.

जाळी साफ करताना हवा किंवा पाणी इंजिनाकडील बाजूने बाहेरच्या दिशेस मारावे. म्हणजे कचरा ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने परत जातो. पाण्याचा जोर बेताचा असावा. गाड्या धुण्याच्या जोरदार फवाऱ्याने जाळीचे पातळ पत्रे आडवे होतात व वाट कायमची बुजते. तार किंवा खिळा घालून टोकरणे तर सर्वस्वी वर्ज्य समजावे. मळणीयंत्र चालू असताना पुढील संरक्षक जाळी दर दोन तासांनी इंजिन थांबवून झाडून घ्यावी. ट्रॅक्टर असा उभा करावा की वाऱ्याबरोबर येणारे कुटार त्याच्या तोंडावर येणार नाही. एवढी एक गोष्ट पाळली तरी मळणीच्या हंगामातील पुष्कळशा तक्रारी आपोआप कमी होतात.

हवेचा विचार करताना पंख्याचा पट्टा विसरू नये. इंजिन बंद असताना पट्ट्याच्या मध्यभागी अंगठ्याने दाबल्यास तो साधारणतः १० ते १२ मिलिमीटर आत जावा. त्याहून सैल असेल तर भार पडताच घसरतो. फार ताणलेला असेल तर पाण्याच्या पंपाचे बेअरिंग खाऊन टाकतो. आतील बाजू चकाकणारी, तडे गेलेली किंवा तेलकट झाली असेल तर पट्टा बदलावा. एक जादा पट्टा पेटीत ठेवणे महाग पडत नाही.

पाण्याचा प्रश्न

ह्या भागातील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी काळ्या पाषाणातून झिरपत येते व अनेक ठिकाणी ते जड असते. पाणी तापविण्याच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनाच्या आतही बसतो. समजा, एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम क्षार आहेत व रेडिएटरमधील पाणी वाफ होऊन जात असल्याने रोज दोन लिटर पाणी भरावे लागते. दोन महिन्यांत १२० लिटर पाणी आत जाईल, आणि पाणी वाफ होऊन गेले तरी ६० ग्रॅम क्षार मागे राहतील. हा थर उष्णता फार सावकाश वाहून नेतो. ओतीव लोखंडाच्या मानाने त्याची ही शक्ती विसाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी असते. सिलिंडरभोवती तो बसला म्हणजे रेडिएटर थंड लागत असतानाही धातू आतून तापत राहतो.

यास्तव विहिरीचे पाणी केवळ अडीअडचणीस वापरावे. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, किंवा स्वच्छ पत्र्यावरून धरून ठेवलेले पावसाचे पाणी उत्तम. त्यात यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट त्याच प्रमाणात मिसळावे. कित्येक इंजिनांस निम्मे पाणी व निम्मे कूलंट असे प्रमाण सांगितलेले असते. तयार मिसळलेले कूलंट घेतल्यास त्यात पुन्हा पाणी घालू नये. थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून कूलंट वापरतात, तेव्हा पुसदसारख्या ठिकाणी त्याचा उपयोग काय, अशी शंका घेतली जाते. त्याने उकळबिंदू वाढतो, गंज धरत नाही व अॅल्युमिनियमचे भाग खात नाहीत. उष्ण प्रदेशात ह्याच गुणांची गरज अधिक आहे. रंगावरून कूलंटची जात ओळखू नये. हिरवे हिरव्यात मिसळले तरी दोन्ही एकाच जातीची असतील असे नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असते. ते चवीस गोड व अत्यंत विषारी आहे. काढून टाकलेले कूलंट घमेल्यात उघडे राहिले तर कुत्री, वासरे व लहान मुले ते पिण्याचा संभव असतो. ते पाण्याच्या टाक्यापाशी, नाल्यात किंवा शेतात ओतू नये. झाकणाच्या डब्यात भरून, त्यावर चिठ्ठी लावून, ते दुरुस्ती केंद्रास परत करावे. रिकाम्या पाण्याच्या बाटल्या ह्या कामी मुळीच वापरू नयेत.

आत थर बसल्याची शंका असल्यास जुन्या ओतीव लोखंडाच्या इंजिनात धुण्याच्या सोड्याचे द्रावण फिरवून नंतर स्वच्छ पाण्याने धुण्याची पद्धत आहे. अॅल्युमिनियमचा रेडिएटर किंवा हेड असेल तर सोडा धातूस खातो; तेथे ही पद्धत चालणार नाही. इंजिन चांगले गरम करून, बंद करून, रेडिएटरच्या जाळीवर जपून हात फिरविला असता मध्येच थंड पट्टा लागला, तर तेथील नळ्या बुजल्या आहेत असे समजावे.

झाकण व तापनियंत्रक

रेडिएटरचे झाकण केवळ पाणी सांडू नये म्हणून बसविलेले नसते. ते आत दाब धरून ठेवते. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो जादा दाब असेल तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांवर उकळते. झाकणाचे रबर गेले की हा लाभ जातो, व ओव्हरफ्लोच्या नळीतून रोज थोडे थोडे पाणी बाहेर पडू लागते. अशा वेळी गळती शोधण्यात दिवस जातात, आणि दोष झाकणात असतो.

तापनियंत्रक, म्हणजे थर्मोस्टॅट, हा पाण्याच्या वाटेवरील आपोआप उघडणारा पडदा होय. बहुतेक इंजिनांत तो ८० ते ८५ अंशांच्या सुमारास उघडू लागतो. इंजिन तापू लागले की तो काढून फेकून देण्याची रीत खेडोपाडी फार रूढ आहे. ही रीत चुकीची आहे. तो काढल्यावर इंजिन बराच वेळ थंड चालते, डिझेल अधिक खाते व सिलिंडरची झीज वाढते. काही इंजिनांची रचना तर अशी असते की थर्मोस्टॅट नसल्यास बरेचसे पाणी रेडिएटरमध्ये न जाता जवळच्या वाटेनेच पंपाकडे परत फिरते, आणि इंजिन पूर्वीपेक्षाही अधिक तापते. त्याची परीक्षा सोपी आहे. पातेल्यातील पाण्यात तो दोरीने टांगावा, पाणी तापवावे, व उकळण्यापूर्वी तो उघडतो की नाही हे पाहावे. न उघडल्यास नवा बसवावा.

भार व धूर

हवा, पट्टा व पाणी ही तिन्ही ठीक असूनही इंजिन तापत असेल तर धुराकडे पाहावे. काळा धूर हा बहुधा जादा भाराचा किंवा हवेच्या गाळणीत धूळ बसल्याचा इशारा असतो. कोरड्या काळ्या जमिनीत नांगर एकदम खोल न लावता खोली कमी करावी किंवा खालचा गिअर घ्यावा. सकाळी लवकर व सायंकाळी नांगरट करून भर दुपारी यंत्रास व चालकास विश्रांती द्यावी, हे सर्वांत स्वस्त शीतन होय.

काटा लाल भागात गेल्यास

भार ताबडतोब काढावा. पट्टा शाबूत असून पाणी सांडले नसेल तर इंजिन दोन-तीन मिनिटे मंद चालू ठेवावे, म्हणजे आतील उष्णता सारखी पसरून बाहेर पडते. पट्टा तुटला असेल किंवा पाणी निघून गेले असेल तर तत्क्षणी बंद करावे. त्यानंतर निदान अर्धा तास झाकणास हात लावू नये. दाबाखालील पाणी झाकण सैल होताच एकाएकी वाफ होऊन उसळते, आणि तोंड, डोळे व हात भाजतात. इंजिन निवल्यावर जाड ओले फडके झाकणावर टाकून, तोंड बाजूस ठेवून, ते पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे व वाफ जाऊ द्यावी; मगच पूर्ण काढावे. कोरड्या पडलेल्या गरम इंजिनात विहिरीचे गार पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याचा धोका असतो. ते पुरते निवू द्यावे, व नंतर पाणी सावकाश भरावे.

रेडिएटरमध्ये इंजिन चालू असताना सारखे बुडबुडे येणे, तेल दुधाळ होणे, धुराड्यातून पांढरी वाफ निघत राहणे, ही हेडचे गॅस्केट गेल्याची लक्षणे होत. अशा स्थितीत ‘आजचे एवढे तास संपवू’ म्हणून यंत्र चालविल्यास गॅस्केटच्या खर्चात भागणारे काम संपूर्ण इंजिन उघडण्यावर जाते. गाव पातळीवरील कार्यकर्त्याने येथे स्वतः दुरुस्तीस हात न घालता यंत्र कारखान्यात पाठविण्याचाच आग्रह धरावा.

विहिरीवरील डिझेल पंप

जेथे वीज पोचत नाही किंवा अनियमित असते, तेथे नदीनाल्याकाठी डिझेल इंजिने अद्याप चालतात. त्यांपैकी कित्येकांत पंपाने उपसलेल्या पाण्याचाच एक फाटा इंजिनातून फिरवून बाहेर सोडतात. त्या नळीची चावी पूर्ण उघडून ठेवली की इंजिन सुरक्षित राहते असे समजले जाते. परंतु बाहेर पडणारे पाणी अगदी गार असेल तर सिलिंडर फार थंड राहतो, डिझेल नीट जळत नाही, व त्यातील गंधकापासून होणारे आम्ल भिंती खाते. बाहेर पडणारे पाणी हाताला चांगले गरम लागेल अशा बेताने चावी ठेवावी. नाल्याच्या पाण्यातील गाळ व शेवाळ आत जाऊ नये म्हणून शोषण नळीच्या तोंडाशी गाळणी असणे जरूर आहे.

मोटारीतील वातानुकूलन

शेतकऱ्यांच्या घरी आता जीप, पिकअप व मोटारीही आल्या आहेत, आणि काही ट्रॅक्टरांस वातानुकूलित कक्ष असतो. वातानुकूलन यंत्राची निवविणारी जाळी, म्हणजे कंडेन्सर, सामान्यतः इंजिनाच्या रेडिएटरच्या पुढेच बसविलेली असते. दोहोंना हवा एकच. पुढील जाळीत कचरा अडकला की गाडीतील गारवा कमी होतो व इंजिनही तापू लागते. म्हणून गाडी रस्त्यावर धावताना गार वारा देते, परंतु पुसदच्या बाजारपेठेतील गर्दीत उभी राहताच कोमट वारा देते, असे आढळल्यास गॅस भरण्यापूर्वी पंखा व जाळी पाहावी. वाऱ्याचा जोरच कमी असेल तर आतील हवेची गाळणी धुळीने भरलेली असते. गाडीखाली स्वच्छ पाण्याचे थेंब पडणे हा दोष नव्हे. ते हवेतील बाष्पाचे पाणी होय. तेच पाणी पायाखालच्या चटईवर येऊ लागले तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

ह्या यंत्रातील वायू डिझेलप्रमाणे खर्च होत नाही. तो कमी झाला म्हणजे कोठून तरी गळतो आहे. गळती न शोधता दर उन्हाळ्यात वायू भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरण्यासारखे आहे. द्रवरूपात तो अंगावर उडाल्यास कातडी गोठते व डोळ्यास कायमची इजा होऊ शकते, सबब त्याच्या नळ्या घरी सोडू नयेत. माहूरगडासारख्या चढावर इंजिनाचा काटा वर सरकू लागला तर वातानुकूलन प्रथम बंद करावे. एवढ्याने काटा न उतरल्यास, गाडीत हीटरची सोय असेल तर तो पूर्ण उघडून पंखा जोरात लावावा. आत बसणाऱ्यांस काही मिनिटे त्रास होईल, परंतु इंजिनाची उष्णता तेवढी बाहेर निघते व गाडी सुरक्षित जागी नेऊन उभी करण्यास अवधी मिळतो.