विश्लेषण : ऑफ-रोड टायर लावल्यावर गाडीचे अ‍ॅव्हरेज खरेच किती पडते?

पाऊस सुरू झाला की ताम्हिणी, माळशेज, भंडारदरा या पट्ट्यात थार, जिम्नी, गुरखा अशा गाड्यांची गर्दी वाढते. त्यातील अनेकांच्या चाकांवर कंपनीच्या मूळ टायरऐवजी मोठ्या खाचांचे, रुंद आणि उंच टायर दिसतात. गाडी दणकट दिसते, चिखलात पकडही मिळते. पण टाकी दोन-तीनदा भरून झाली की तक्रार सुरू होते : ‘पूर्वी १६ द्यायची, आता १४ पण देत नाही.’ ही घट खरी असते का? असते, पण दिसते तेवढी बहुतेक वेळा नसते. तिचा काही भाग टायरच्या रबरामुळे आणि वजनामुळे येतो, तर काही भाग गाडीतल्या ओडोमीटरच्या चुकलेल्या हिशेबामुळे. हे दोन भाग वेगळे कसे करायचे, ते समजून घेऊ.

एचटी, एटी आणि एमटी म्हणजे काय?

एसयूव्हीचे टायर ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. एचटी म्हणजे हायवे टेरेन. डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यांसाठी बनवलेले, कमी खोल खाचांचे टायर. एटी म्हणजे ऑल टेरेन. यात खाचा जास्त खोल असतात आणि डांबरी रस्ता व कच्चा रस्ता या दोन्हींचा मेळ घातलेला असतो. एमटी म्हणजे मड टेरेन. यात रबराचे मोठे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद मोकळी जागा असते. चाक फिरताना चिखल या जागेतून बाहेर फेकला जातो आणि टायर पुन्हा पकड घेतो. २०२० मध्ये आलेल्या थारच्या काही प्रकारांत २५५/६५ आर१८ मापाचे एटी टायर कंपनीकडूनच मिळतात. अशा गाडीचे मूळ अ‍ॅव्हरेजच एटी टायरवरचे असते. त्यामुळे ‘ऑफ-रोड टायरने इतके टक्के घट’ असा एकच आकडा सगळ्या गाड्यांना लागू होत नाही.

टायर इंधन का खातो?

गाडीच्या वजनाने टायर जमिनीला टेकतो तिथे थोडा चपटा होतो. चाक फिरते तसा तो भाग पुन्हा गोल होतो आणि पुढचा भाग चपटा होतो. रबर दाबताना जेवढी ऊर्जा लागते तेवढी सगळी ते परत देत नाही. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. लांबच्या प्रवासानंतर टायर गरम लागतो त्यामागे हेच मुख्य कारण आहे. याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात.

अमेरिकी ऊर्जा खात्याच्या आकडेवारीनुसार पेट्रोल कारच्या इंधनातील साधारण ४ ते ७ टक्के ऊर्जा रोलिंग रेझिस्टन्सवर खर्च होते. आकडा लहान वाटतो, पण इंधनातील बहुतेक ऊर्जा इंजिनातच उष्णता होऊन संपते आणि चाकांपर्यंत जेमतेम १६ ते २५ टक्केच पोहोचते. म्हणजे चाकांपर्यंत आलेल्या ऊर्जेचा पाव किंवा त्याहून अधिक वाटा टायर घेतो.

खाचा मोठ्या असल्या की काय होते?

रबराचे ठोकळे जितके उंच आणि सुटे, तितके ते रस्त्यावर टेकताना जास्त वाकतात आणि जास्त ऊर्जा खातात. शिवाय दगडाने फाटू नये म्हणून अशा टायरच्या बाजूच्या भिंतीत जादा थर घातलेले असतात. ते वाकवायलाही ऊर्जा लागते.

हा विरोध प्रतिटन किलोमध्ये मोजतात. उदाहरणादाखल, दीड टनाच्या गाडीला प्रतिटन ९ किलो विरोध असलेले टायर असतील, तर ती समतल रस्त्यावर फिरत ठेवायला साडेतेरा किलोची ओढ लागेल. हाच विरोध प्रतिटन १२ किलो झाला, तर ओढ १८ किलोंवर जाईल. म्हणजे विरोध एक तृतीयांशाने वाढला. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २००६ मधील अहवालानुसार रोलिंग रेझिस्टन्स १० टक्क्यांनी कमी केला, तर कारचे अ‍ॅव्हरेज १ ते २ टक्क्यांनी सुधारते. तोच हिशेब उलटा लावला, तर या उदाहरणात अ‍ॅव्हरेज साधारण ३ ते ७ टक्क्यांनी उतरेल.

वजन आणि उंचीचा परिणाम काय?

मोठा टायर जडही असतो. चाकाच्या कडेचे वजन पुढे ढकलावे लागते आणि फिरवावेही लागते. त्यामुळे वेग घेताना ते गाडीत ठेवलेल्या सामानापेक्षा जवळपास दुप्पट जाणवते. चार टायर मिळून २४ किलो वाढले, तर सिग्नलवरून निघताना इंजिनाला जवळपास ४८ किलोंचे सामान वाढल्यासारखे वाटेल. म्हणूनच शहरातल्या थांबत-निघत चालणाऱ्या वाहतुकीत हा फरक जास्त कळतो.

टायरचा व्यास वाढला की गिअरचे गुणोत्तरही बदलल्यासारखे होते. चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, पण रस्त्यावर मिळणारा जोर कमी होतो. घाटात जिथे तिसरा गिअर पुरायचा तिथे दुसरा लावावा लागतो. महामार्गावर मात्र त्याच वेगाला इंजिनाचे फेरे थोडे कमी होतात. पण रुंद टायर आणि सोबत गाडीची उंची वाढवलेली असेल, तर हवेचा विरोध ही बचत खाऊन टाकतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ८० किमीवरून १०० किमीवर गेल्यास तो सुमारे दीडपट होतो.

ओडोमीटर कसा फसवतो?

ओडोमीटर अंतर थेट मोजत नाही. तो चाकाच्या फेऱ्या मोजतो आणि मूळ टायरच्या घेराने गुणतो. टायर मोठा झाला तरी त्याच्या हिशेबात जुनाच घेर असतो.

जिम्नीचे उदाहरण घेऊ. तिचा मूळ टायर १९५/८० आर१५ आहे. यातील १९५ म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी, ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १५ म्हणजे रिमचा इंचातील व्यास. भिंत १५६ मिमी, दोन्ही बाजूंच्या मिळून ३१२ आणि रिमचे ३८१. एकूण व्यास ६९३ मिमी. काही जण तिला २३५/७५ आर१५ टायर लावतात. त्याचा व्यास ७३३.५ मिमी, म्हणजे ५.८ टक्क्यांनी जास्त.

समजा, या गाडीने ओडोमीटरप्रमाणे ५०० किमी अंतर कापले आणि ३६ लिटर पेट्रोल लागले. भागाकार येतो १३.९. पूर्वी ती १६ देत होती, म्हणजे घट १३ टक्के दिसते. प्रत्यक्षात गाडी ५२९ किमी गेलेली असते. खरे अ‍ॅव्हरेज १४.७ आणि खरी घट ८ टक्के. उरलेले ५ टक्के निव्वळ मोजणीतील चूक आहे, त्यासाठी खिशातून रुपयाही गेलेला नाही. गाडीच्या पडद्यावर दिसणारे अ‍ॅव्हरेजही याच मोजणीवर चालते, त्यामुळे तेही तितकेच चुकते.

ही चूक वेगातही येते. गणितानुसार स्पीडोमीटरवर १०० दिसत असताना या गाडीचा वेग आधीपेक्षा ५.८ टक्क्यांनी जास्त असतो. अनेक स्पीडोमीटर मुळात वेग थोडा जास्त दाखवतात, त्यामुळे काही फरक झाकला जातो. पण मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात कारची मर्यादा ताशी १०० किमी आहे आणि तिथे कॅमेरे वेग मोजतात. चालान आल्यावर ‘मीटरवर तर शंभरच होते’ हे कारण चालणार नाही.

खरे अ‍ॅव्हरेज कसे काढायचे?

यासाठी मोबाइल पुरेसा आहे. टायर बदलल्यावर महामार्गावर सलग ५० किमी जा आणि मोबाइलच्या जीपीएसवरील अंतर ओडोमीटरच्या अंतराशी ताडून पाहा. जीपीएसच्या अंतराला ओडोमीटरच्या अंतराने भागा. येणारा आकडा, उदाहरणार्थ १.०५, हा तुमच्या गाडीचा गुणक. त्यानंतर टाकी पूर्ण भरा, नेहमीसारखी गाडी चालवा आणि त्याच पंपावर पुन्हा पूर्ण भरा. ओडोमीटरवरील अंतराला गुणकाने गुणा आणि दुसऱ्यांदा भरलेल्या लिटरने भागा. किमान तीन टाक्यांची सरासरी घ्या. तुलना मात्र आपल्याच जुन्या टायरच्या नोंदीशी करा. जिम्नी मॅन्युअलचा १६.९४ किमी प्रतिलिटर हा प्रमाणित आकडा प्रयोगशाळेतील चाचणीतून आलेला असतो, तो ताम्हिणीच्या चढाशी ताडण्यात अर्थ नाही.

हवेचा दाब किती महत्त्वाचा?

चिखलात किंवा वाळूत जाताना हवा उतरवतात. दाब कमी झाला की टायर पसरतो आणि गाडी रुतत नाही. पण डांबरी रस्त्यावर परतल्यावर हवा पुन्हा भरायलाच हवी. अमेरिकी ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार चारही टायरमध्ये सरासरी १ पीएसआय दाब कमी असेल, तर अ‍ॅव्हरेज सुमारे ०.२ टक्क्याने घटते. इंधनापेक्षाही मोठा धोका उष्णतेचा आहे. कमी हवेचा टायर वेगात जास्त तापतो आणि फुटू शकतो. समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासणीची मोहीम घेतली होती. गाडीत हवेचा छोटा पंप आणि दाबमापक ठेवणे म्हणूनच गरजेचे आहे.

खर्च किती वाढतो?

वरच्या उदाहरणातील खरी घट धरू : १६ वरून १४.७. वर्षाला १५ हजार किमी गाडी चालत असेल, तर सुमारे ८३ लिटर पेट्रोल जास्त लागेल. लिटरला १०० रुपये धरल्यास वर्षाचे ८,३०० रुपये. टायर ४० हजार किमी टिकला, तर त्याच्या आयुष्यात सुमारे २२१ लिटर, म्हणजे २२ हजार रुपये. दुकानात टायरची किंमत विचारताना हा खर्च कोणी सांगत नाही. तो टायरच्या किमतीत मिळवूनच तुलना करावी.

नियम काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२ मध्ये अधिसूचना काढून टायरसाठी रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांचे निकष लागू केले. हे निकष एआयएस-१४२ या मानकात आहेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची टायरसाठी तारांकन योजनाही आहे. युरोपात १ मे २०२१ पासून नवे लेबल आले असून त्यात इंधनाच्या दृष्टीने ए ते ई अशा श्रेणी आहेत. कारच्या टायरला प्रतिटन ६.५ किलोंपर्यंत विरोध असेल तर ए, १०.६ किंवा जास्त असेल तर ई. व्यावसायिक ऑफ-रोड टायर मात्र या लेबलमधून वगळले आहेत.

मूळ मापापेक्षा फार मोठे टायर लावताना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ लक्षात ठेवावे. उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलात बदल करण्यावर त्यात बंधने आहेत. वॉरंटी आणि विम्याच्या दाव्यातही प्रश्न उपस्थित होऊ शकतो.

मग कोणी कोणते टायर घ्यावेत?

गाडी वर्षभर ऑफिस, महामार्ग आणि चार-दोन सहली एवढीच फिरत असेल, तर एचटी पुरेसे आहेत. शेतावर जायला पाणंद रस्ता असेल, कोकणात लाल मातीतून रोजचे जाणे-येणे असेल किंवा महिन्यातून एखादा कच्चा मार्ग होत असेल, तर मूळ मापातील एटी हा मध्यम मार्ग आहे. व्यास तोच राहत असल्याने गिअर आणि ओडोमीटर दोन्ही जागेवर राहतात. एमटी खऱ्या चिखलात उतरणाऱ्यांसाठीच. डांबरावर ते आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर रबराचा कमी भाग टेकत असल्याने गाडी थांबायला जास्त अंतर घेऊ शकते. पावसाळी सहलीसाठी म्हणून एमटी घेणाऱ्याने लक्षात घ्यावे, की त्या सहलीचा बराचसा रस्ता ओल्या डांबराचाच असतो.

फोर बाय फोर गाडीत चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. पुढे-मागे व्यास वेगळा असेल, तर फोर व्हीलवर चालवताना ट्रान्सफर केसवर ताण येतो. त्याच्या दुरुस्तीचे बिल अ‍ॅव्हरेजच्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठे असते.