वक्फची मिळकत आणि तिचे उत्पन्न

इमामाचे वेतन, मदरशातील मुलांचे जेवण, इमारतीची डागडुजी हे खर्च कधी थांबत नाहीत, आणि केवळ रमजानातील वर्गणीवर ते पिढ्यान्‌पिढ्या निभावणे अवघड असते. म्हणून इस्लामी परंपरेत वक्फची व्यवस्था रुजली. वक्फ म्हणजे एखादी मिळकत धर्मकार्यास किंवा लोकोपयोगी कार्यास कायमची वाहणे. ती विकता येत नाही, वारसांत वाटली जात नाही, फक्त तिचे उत्पन्न ठरलेल्या कामी लागते आणि तिचा कारभार मुतवल्ली, म्हणजे व्यवस्थापक, पाहतो.

छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत ही कल्पना प्रत्यक्ष दिसते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतच्या या आवारात डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून उंचावरून हौदात सोडले जाई, त्याच्या जोरावर जाते फिरे आणि फकीर व यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय याच परिसरात आहे.

मात्र मिळकत राखणे आणि ती फलदायी करणे यांत फार मोठे अंतर पडले आहे. मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालानुसार देशात सुमारे 4.9 लाख नोंदणीकृत वक्फ मिळकती, सुमारे 6 लाख एकर जमीन आणि सुमारे 1.2 लाख कोटी रुपयांचे बाजारमूल्य असताना वार्षिक उत्पन्न अवघे 163 कोटी रुपयांच्या आसपास होते. 10 टक्के परतावा मिळाला, तर ते 12,000 कोटींवर जाईल, असा समितीचा हिशेब होता. या तफावतीची झळ गरीब विद्यार्थ्यांना बसली, हे विसरता येत नाही. अतिक्रमणे आणि जुन्या भाडेकरूंचे नाममात्र भाडे ही कारणे होतीच. शिवाय 1995 च्या वक्फ कायद्यात भाडेपट्ट्याची मुदत तीन वर्षांपलीकडे नेता येत नसल्याने पक्क्या बांधकामात कोणी पैसा घालत नसे. 2013 च्या दुरुस्तीने व्यापारी, शैक्षणिक व आरोग्यविषयक कामांसाठी ती 30 वर्षांपर्यंत वाढली, परंतु ठराविक काळाने भाडेवाढीची अट नसेल, तर दीर्घ पट्टा हाच नवा तोटा ठरतो.

मिळकत फलदायी करण्याचा एक मार्ग सिंगापूरमध्ये दिसतो: तेथे बेनकुलेन मार्गावरील वक्फ जागेवर सुकुक, म्हणजे व्याजाऐवजी मालमत्तेतील भागीदारीवर आधारलेले रोखे, काढून भांडवल उभारले गेले आणि मशिदीसोबत व्यापारी जागा व भाड्याच्या सदनिका बांधल्या गेल्या. मराठवाड्यात अशा योजनेआधी आणखी एक काम उरते: मशीद-दर्ग्याच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश इनाम जमिनींची मोजणी होऊन सातबाऱ्यावर वक्फची नोंद होणे.